चुकीच्या बाजूला उभे केलेले यंत्र

मित्रांनो, माझ्या अंगावरची लाल फुली तुम्हाला दिसते ना? ज्याने मला पहिल्यांदा उभे केले, त्यानेच ती मारली. मला पुन्हा कोणी जोडू नये म्हणून. घराबाहेर उभे राहून उन्हाळ्यात घर थंड आणि हिवाळ्यात गरम ठेवणारे मी एक यंत्र होतो. पंखा, गारवा करणारा पंप, गॅसची शेगडी, सगळे एकाच पत्र्याच्या पेटीत.

जॉर्जियाच्या दक्षिणेला, भुईमुगाच्या शेतांजवळ, रॉस्को पेटवे आणि त्याची बायको ओडेसा यांचे लांबट पत्र्याचे घर होते. तिथे मला वेंडेल टिस्डेल नावाच्या मिस्त्रीने बसवले. त्याने आधी माती ठोकून घट्ट केली, सिमेंटची लादी समतल बसवली. धूर सोडणारी माझी जाळी खिडक्यांपासून दूर, मोकळ्या अंगणाकडे केली. घरात जाणाऱ्या आणि घरातून येणाऱ्या हवेच्या नळ्या त्याने स्क्रूने आवळल्या, सांधे लेपाने बुजवले. मग गॅसचा दाब मोजला आणि ज्योत निळी जळते आहे ना, हे गुडघ्यांवर बसून पाहिले.

"काय रे वेंडेल, डबा बसवतोयस की बाळाला न्हाऊ घालतोयस?" ओडेसा दारातून हसली.

"मिस ओडेसा, हा डबा पोटात आग घेऊन तुमच्या घराला टेकून उभा राहणार आहे. मला माझ्या चालीनं करू द्या."

नऊ वर्षे मी इमानाने चाललो. ओडेसा शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करी. घामाघूम होऊन घरी आली की माझी गार हवा घरात सोडणाऱ्या जमिनीतल्या जाळीवर उभी राही आणि म्हणे, "देवानंसुद्धा वर हाच डबा बसवला असणार!"

मग साखरेच्या आजाराने तिचा एक पाय गेला. मंगळवारी ती चाकांच्या खुर्चीतून घरी येणार होती. खुर्चीसाठी दारापासून उतार बांधायला हवा होता, आणि त्याला जागा होती ती नेमकी मी उभा होतो तिथे. रॉस्कोने माझ्या पाठीवर कोपर टेकवून वेंडेलला फोन लावला.

"गुरुवारी येतो," वेंडेल म्हणाला. "तोवर हात लावू नकोस."

"ती मंगळवारी येतेय."

"दोन दिवस चर्चमधली माणसं तिला खुर्चीसकट उचलतील की."

"तेच तर नकोय तिला. मला म्हणाली, मी काय पोतं आहे का, चौघांनी उचलायला?"

रविवारी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून रॉस्कोने मला मागच्या बाजूला हलवले. तो निष्काळजी माणूस नव्हता, मित्रांनो. गॅस गळत नाही हे त्याने साबणाचे पाणी लावून पाहिले. पण गॅसचा दाब मोजला नाही. मला सुट्या विटांवर ठेवले. धुराची जाळी भिंतीकडे आली, आणि तिच्या शेजारीच घरातली हवा माझ्याकडे आणणारी नळी. तिचा सांधा त्याने नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळला.

"झालं काम," त्याने वेंडेलला कळवले. "मस्त चालतंय."

"तरी थंडीआधी एकदा बघून जातो."

"ये की!"

वेंडेल आला नाही. रॉस्कोनेही पुन्हा बोलावले नाही. ओडेसा उतारावरून एकटी बाहेर येई, दोडक्यांच्या वेलाला पाणी घाली. सगळा उन्हाळा मी गारवा दिला. आग पेटवायची गरजच नव्हती. जुलैच्या उन्हात चिकटपट्टीचा डिंक वितळला आणि नळी बोटभर उघडी पडली. मला ते जाणवत होते. सांगणार कोणाला?

नोव्हेंबरात पहिले दव गोठले. सकाळी रॉस्कोने घर गरम करायचे बटण दाबले आणि तो शेंगांच्या गिरणीत कामाला गेला. माझी ज्योत पेटली ती पिवळी, गॅस अर्धवट जाळणारी. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग असतो, ना वास. तो जाळीतून बाहेर पडला, उघड्या नळीने मी तो परत ओढला आणि जमिनीतल्या प्रत्येक जाळीतून घरात सोडला.

दुपारी ओडेसाने गिरणीत फोन केला. "डोकं फुटतंय रे. मळमळतंय."

"गारठलीस तू. खिडक्या लाव, घर आणखी तापव. येतोच मी."

तिने ऐकले. मी आणखी जोराने जळू लागलो. त्या तासांबद्दल मला अजूनही बोलवत नाही.

साडेचारला रॉस्को आला. त्याने तिला दोन वेळा हाक मारली. तिसऱ्या हाकेला शब्द नव्हता.

अग्निशमन दलाच्या मागोमाग वेंडेल आला. त्याने भिंतीकडे वळलेली धुराची जाळी पाहिली आणि नळीच्या सुटलेल्या सांध्यात बोट घातले.

"जुनं झालं होतं ना यंत्र?" रॉस्कोने विचारले.

वेंडेलला हो म्हणता आले असते. "नाही," तो म्हणाला. "यंत्र धड होतं. आणि मी बघून जाईन म्हणालो होतो. आलो नाही."

दफनानंतर तिसऱ्या दिवशी दोघांनी मला ट्रकवर चढवले. पट्टे आवळून झाल्यावर रॉस्कोने वेंडेलच्या पेटीतले वायू मोजायचे मीटर उचलले आणि शेजारचे दार वाजवले. म्हाताऱ्या हॅटी लंपकिन यांनी उघडले. त्यांचे यंत्र त्यांच्या भाच्याने बसवले होते.

"आमचं नीट चालतंय, बाळा. तू घरी जा, चार घास खा."

"माझंही नीटच चालत होतं, मिस हॅटी. ओडेसा माझ्या हातानं गेली. मला आत येऊ द्या."

त्या बाजूला झाल्या. वेंडेल ट्रक बंद करून मागोमाग गेला. अंधार पडेपर्यंत ते सात घरांत जाऊन आले. दोन घरांचा गॅस वेंडेलने तिथल्या तिथे बंद केला. त्यातले एक हॅटीबाईंचे.

मित्रांनो, मला आता भंगारात जायचे आहे, आणि ते योग्यच आहे. पण तुमच्या भिंतीपलीकडे आग जाळणारे काही उभे असेल, तर ते जाणत्या माणसाकडूनच बसवून घ्या, आणि थंडी पडण्याआधी त्याला एकदा बोलवा. घरात एकाएकी डोके दुखू लागले, तर पांघरूण शोधू नका. दार उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर जा. एवढे कराल ना?