डिस्क रिकामी आहे

वहिनीने डिस्क टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "लॅपटॉपने विचारलं, फॉर्मॅट करू का? मी हो म्हटलं."

"आणि मग?"

"मग चालते का बघायला ऑफिसचे व्हिडिओ टाकले. थोडेच."

मी कपाळावर हात मारून घेतला. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, असली गिऱ्हाइकं रोज येतात. पण ही माझी वहिनी होती आणि डिस्कमध्ये दादाचा आवाज होता. त्याचं स्वरयंत्र काढायचं ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आधी भरपूर बोलून ठेवा, मग यंत्र तुमच्याच आवाजात बोलेल. दादा खोलीत बसून घसा दुखेपर्यंत वाक्यं वाचायचा. आता ऑपरेशन होऊन तो गळ्याला पट्टी बांधून वहिनीशेजारी बसला होता. दुसरी प्रत कुणीच ठेवली नव्हती.

दार उघडं होतं, रस्त्यावरच्या गाड्यांनी दुकान दणाणत होतं. मी डिस्क जोडली. मशीनने ती रिकामी दाखवली.

"खोटं बोलतंय ते," वहिनी म्हणाली.

"खोटं नाही गं, मठ्ठ आहे."

मशीनच्या पोटात कर्नल असतो, सगळा कारभार त्याच्या हातात. डिस्क आली की तो ओळखीच्या एकेका फाइल सिस्टिमला, म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवली याचा हिशोब ठेवणारीला, विचारतो, ही तुझी का? ती ठरलेल्या जागी आपली खूण आहे का, तेवढंच बघते. खूण जुळली की विषय संपला. ही डिस्क दादाला मीच तयार करून दिली होती; माझ्याकडच्या सिस्टिमची खूण वहिनीच्या लॅपटॉपला ठाऊकच नव्हती, म्हणून त्याने फॉर्मॅटचं विचारलं आणि हिने हो म्हणताच डिस्कवर स्वतःची खूण ठोकली. दारावरची पाटी बदलली, आतली माणसं तिथेच. म्हणजे व्हिडिओंनी हाकलली नसतील तर.

जुनी सिस्टिम शहाणी. आपल्या खुणेच्या प्रती डिस्कवर लांब लांब ठेवते. मी कर्नलला हाताला धरून पहिल्या प्रतीपाशी नेलं. नाही म्हणाला. दुसरीवर व्हिडिओ बसले होते. दादाने स्क्रीनकडे बघणं सोडून दिलं. तिसरीवर एकदाचं कर्नलने ओळखलं.

फाइली आल्या, पण नावं गेलेली, नुसते आकडे. एक उघडली तर खरखर, तिच्या जागेवर व्हिडिओ बसले होते. पुढचीही तशीच. मी उघडत गेले, खरखरच ऐकत गेले.

"माझ्याच हाताने झालं," वहिनी पुटपुटली.

"हो, तुझ्याच," मी म्हटलं. स्वतःचीच जीभ हासडून टाकावीशी वाटली, पण राग काही आवरत नव्हता.

अगदी शेवटची, छोटीशी फाइल तेवढी स्वच्छ वाजली. आधी दादाचं खाकरणं आलं, मग त्याचा नेहमीचा वैतागलेला सूर.

"अगं, ते दार लाव ना. बाहेरचा आवाज येतोय."

बस्स, एवढंच. एवढ्यावर कुठलंही यंत्र बोलणार नव्हतं. दादाने मान खाली घातली.

वहिनी उठली आणि दुकानाचं दार लावून आली.