धक्क्यावरची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. स्वभावाने जळकी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला नवल वाटायला नको.

माझा जन्म डॉमिनिका बेटावर झाला. तिथल्या कालिनागो लोकांतल्या एका म्हातारीने बोरूच्या कामट्यांनी मला दुहेरी विणले. पाणी आत शिरू नये म्हणून दोन विणींच्या मध्ये तिने रुंद पाने घातली. इस्मे नावाच्या तरुण बाईने मला विकत घेऊन अँटिग्वाला आणले. इस्मे आणि तिचा नवरा कॅप्टन डेनफील्ड ‘पेलिकन’ नावाच्या शिडाच्या बोटीवर राहतात. बोट दुसऱ्याच्या मालकीची आहे. हे दोघे पाहुण्यांना तिच्यावरून आठवडाभर बेटाबेटांतून हिंडवतात. तो बोट चालवतो, ती स्वयंपाक करते.

सुरुवातीला मी जेवणाच्या मेजावर होते. माझ्यात गरम पाव असत आणि पाहुणे माझे कौतुक करत. मग एक काचेची परडी आली, आणि माझी रवानगी धक्क्यावर झाली. आमच्यासारख्या बोटीवर कोणी पायात काही घालून चढत नाही, लाकडाला ओरखडे पडतात. पहिल्या दिवशी काढलेले बूट थेट शेवटच्या दिवशीच पायात जातात, आणि तोवर ते माझ्यात राहतात. पाव गेले आणि पायताणे आली. त्या परडीचे तोंड मी आजही बघत नाही.

दर डिसेंबरात आमच्या बंदरात बोटींची जत्रा भरते. दूरदेशीचे लोक सुट्टीचा बेत एजंटांना विचारून ठरवतात. हे एजंट जत्रेत बोटीबोटींवर चढतात, जेवण चाखतात आणि कोणत्या घराला कोणती बोट मानवेल ते मनाशी ठरवतात. यंदा मालकाने बजावले होते की जत्रेत आरक्षण मिळाले नाही तर ‘पेलिकन’ विकायची. डेनफील्ड आणि इस्मेचे दुसरे घर नव्हते.

आणि शेजारी कोण उभी? एक नवीकोरी, दोन होड्या जोडल्यासारखी भलीमोठी बोट! तिच्यापुढे कापडी टोपली, पोटावर निळ्या रेशमाने नाव भरलेले. एजंटांच्या चपला तिच्यात मावत नव्हत्या. माझ्यात होती फक्त वाळू. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

दुसऱ्या सकाळी इस्मे म्हणाली, “डेन, गर्दी असते त्याच खाणावळीत लोक शिरतात. रिकामीत कोण जातं?”

“मग काय करू? नाचू धक्क्यावर?”

“टोपली भरू या.”

तिने स्वतःचे, नवऱ्याचे आणि भावाचे बूट आणले. आपल्या व्हर्लिन मावशीच्या पलंगाखालचे जांभळे, फुलवाले बूटही न विचारता उचलले. मी काठोकाठ भरले. त्या कापडीकडे बघून मनात म्हटले, आता बस कुढत!

एजंट आले. माझ्याकडे बघून म्हणाले, “बापरे, इथे तर उभं राहायलाही जागा नसेल. शेजारी जाऊन येऊ.” आणि गेले ते गेलेच. मिसेस हॅलोरन नावाच्या पिकल्या केसांच्या एजंट बाई तर दोनदा येऊन परतल्या. मी मिरवत होते आणि वर बोटीत इस्मेचे पेपरपॉट, म्हणजे आमच्याकडचा मांस-पालेभाजीचा दाट रस्सा, निवत होते. कळत होते, पण टोपलीला कुठे बोलता येते?

दुपारी व्हर्लिन मावशी आली. डोक्यावर हॅट, काखेत बायबल, पायात घरातल्या सपाता.

“इस्मे! अगं ए! माझे चर्चचे बूट इथे हवा खायला आणलेस होय?”

“मावशी, हळू बोल ना!”

“हळू कशाला? तिकडे बाप्तिस्म्याची वेळ झाली, आणि मी सपाता घालून जाऊ? आणि हे डेनफील्डचे ना? हे तुझ्या भावाचे! बोटीवर चिटपाखरू नाही आणि बुटांची ही रास. कोणाला फसवतेस गं?”

धक्काभर हशा पिकला. इस्मेने तोंड लपवले. मिसेस हॅलोरन मात्र पुढे आल्या.

“म्हणजे आत कोणीच नाही?”

“आम्ही दोघं आहोत,” डेनफील्ड ओशाळून म्हणाला, “आणि पेपरपॉट.”

“मग मला दोनदा उपाशी का परत पाठवलंत?” बाईंनी सँडल काढल्या आणि माझ्यात ठेवल्या.

वरचे बोलणे मला ऐकू येत होते. मिसेस हॅलोरनकडे चौकशी करणाऱ्या एका आजीला नातवंडांना घेऊन यायचे होते. धाकटी नात पाण्याला भ्यायची.

“मग पहिल्या दिवशी बोट हलवायचीच नाही,” डेनफील्ड म्हणाला. “खाडीतच राहू. पाय बुडवू दे तिला. शेजारच्या बार्ब्युडा बेटावर जाऊ सावकाश.”

“आणि माझ्याबरोबर मक्याच्या पिठाची फंजी घोटू दे,” इस्मे म्हणाली. “स्वतः घोटलेलं पोरं खातात.”

मिसेस हॅलोरन हसल्या. “ठरलं. ज्यांना लबाडीसुद्धा धड जमत नाही, त्यांच्याकडे मी पोरं डोळे मिटून पाठवीन.”

शेजारी चपला येत होत्या, जात होत्या. माझ्यातल्या सँडल ऊन उतरेपर्यंत हलल्या नाहीत. ती कापडी माझ्याकडे बघत असावी, असे मी धरून चालते.

फेब्रुवारीत ते कुटुंब आले. धाकट्या मुलीच्या पिवळ्या चपला मला उचलायच्या मूठभर कडीतही मावल्या असत्या. शेवटच्या सकाळी सगळ्यांनी बूट घातले, पण पिवळ्या चपला सापडेनात. इस्मेने मला उलटे करून झटकले. काही पडले नाही.

“चपला नाहीत, तर घरी कसं जायचं?” मुलगी गंभीरपणे म्हणाली.

अखेर डेनफील्डने तिला खांद्यावर बसवून अनवाणीच गाडीपर्यंत नेले. पुढे काही दिवसांनी मिसेस हॅलोरनचा फोन आला. “त्यांना पुढच्या वर्षीही हीच बोट हवी. पोरगी म्हणते, तिच्या चपला तिथेच आहेत.” मालकानेही विक्रीचा विचार सोडला.

मित्रांनो, माझ्या दोन विणींमधली पाने कधीच झिजून गेली. आतली वीण एका बाजूने उसवली आहे. परवा इस्मे म्हणाली, “हिला आता शिवून घ्यायला हवं.” जुन्या वस्तू जरूर दुरुस्त कराव्यात. पण सुई घालण्याआधी कृपा करून एकदा त्या उसवल्या जागेतून दोन विणींच्या मध्ये हात घालून बघा. त्या चपला मी दुसऱ्या कोणालाही देणार नाही, पण त्या पोरीचा हात पोहोचेल एवढी फट राहू द्या.