घरच्या माणसाचा सल्ला

लाँड्रीवाल्याने आयुष्यात एकच शोध स्वतःच्या अकलेने लावला होता, आणि बावीस वर्षं तो कुणालाही सांगितला नव्हता. शोध असा, की बायकोकडून काही करून घ्यायचं असेल तर तिला त्याच्या बरोब्बर उलटं सांगावं.

यात बायकोचा हट्टीपणा नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात दुकानात एक पांढरा शर्ट आला होता, बाहीवर रक्ताचा डाग. लाँड्रीवाला छातीठोकपणे म्हणाला, "गरम पाण्यात टाक, लगेच निघेल." तिने टाकला. डाग असा पक्का बसला की शर्ट फाटेपर्यंत गेला नसता. गिऱ्हाईकाने दोघांचाही उद्धार केला. त्या दिवशी तिने मनाशी खूणगाठ बांधली, की हा माणूस सोन्यासारखा आहे, पण याचं ऐकायचं नाही.

पुढच्या दोन महिन्यांत लाँड्रीवाल्याच्या हे ध्यानात आलं. दुकानाला निळा रंग हवा होता, तो "पांढरा देऊ" म्हणाला. दुकान निळं झालं. गल्ला उजवीकडे हवा होता, तो "डावीकडे बरा" म्हणाला. गल्ला उजवीकडे आला. इतर नवरे घसा फोडून जे मिळवू शकत नव्हते, ते याला नुसतं तोंड वाकडं करून मिळू लागलं. संसार सुरळीत चालला. तिला वाटे आपलं चालतं, त्याला ठाऊक होतं की आपलं चालतं, आणि भांडायला कुणी उरलंच नव्हतं.

दुकानाची जागा मात्र भाड्याची होती. एक दिवस जागामालक आला आणि टांगलेल्या कोटांमधून वाट काढत गल्ल्यापाशी येऊन टेकला.

"विकायची म्हणतोय जागा," तो म्हणाला. "सोळा लाख. मोबाइलवाला मागे लागलाय. पण तुम्ही जुने, म्हणून पहिला मान तुमचा. तीन महिने थांबतो."

"विचार करून सांगतो," लाँड्रीवाला म्हणाला.

"करा की. म्हणजे वहिनींना विचारा आणि सांगा." जागामालक स्वतःच हसला. लाँड्रीवालाही हसला, त्याचा स्वाभिमान बावीस वर्षं इस्त्रीखाली राहून चांगला सपाट झाला होता. कोटांच्या रांगेमागे बायको चिठ्ठ्या टाचत होती. ती हसली नाही.

त्यांच्याकडे सोळा लाख नव्हते. सोळा लाखांतले दोन होते, तेही बॉयलर बदलण्यासाठी बाजूला ठेवलेले. दुकान गेलं की बॉयलर गेला, बॉयलर गेला की कोट आणि साड्या गेल्या, मग उरणार घरच्या टेबलावर शर्टांना इस्त्री.

दर सोमवारी एका टीव्ही वाहिनीचा कपडेपट सांभाळणारा माणूस त्यांच्याकडे कोट टाकायला येई. 'बारा कपाटं' नावाच्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाचे कोट. तो माणूस पडद्यावर घामाचा थेंब दिसू देत नसे. सगळा काखेत साठवून इथे पाठवी.

"वहिनी, तुम्ही फॉर्म भरा," कपडेपटवाला म्हणाला. "आम्हाला तुमच्यासारखी माणसं लागतात."

"म्हणजे कशी?"

"गरजू, पण कपडे नीट घातलेली."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या मनातून तिने भरावा असं फार होतं. म्हणून तो म्हणाला, "काही नको. चार लोकांत शोभा करून घ्यायची हौस कुणाला?" दुपारी फॉर्म भरून झाला.

कार्यक्रम सोपा होता. बारा बंद कपाटं. त्यांतलं एक आपलं म्हणून सुरुवातीलाच राखून ठेवायचं आणि बाकीची एकेक करून उघडत जायची. उघडलं त्यातलं गेलं. मधूनमधून कंपनी रक्कम देऊ करते: ही घ्या आणि घरी जा, नाहीतर पुढे खेळा. बक्षीस कपाटात असतं, पण कार्यक्रम चालतो तो माणसाच्या तोंडाला सुटलेल्या पाण्यावर. समोर दोनशे प्रेक्षक असतात. त्यांच्यापुढे एक माणूस हात वर करतो, की त्यांना आनंद होतो; हात खाली करतो, की त्यांचा आनंद संपतो.

स्पर्धकाच्या डाव्या हाताला 'घरच्या माणसाची खुर्ची' होती. लाँड्रीवाला तीत पावडर लावून बसला होता. सूत्रसंचालकाने त्याच्याकडे बोट दाखवून बायकोला विचारलं, "खरं सांगा हं ताई, घरात चालतं कोणाचं?"

"यांचंच," ती म्हणाली. "यांच्या शब्दाबाहेर मी नाही."

हात वर झाला. दोनशे माणसं भारावली. लाँड्रीवाल्याच्या मनात आलं, चांगली सरळ बाई, पण टीव्हीवर आणली की तीसुद्धा लागली थापा मारायला.

खेळ सुरू झाला. ती डाग पाहते तशी कपाटांकडे पाहत होती, घाई न करता, जरा मान कलती करून. एकेक करून दहा उघडली. किरकोळ रकमा निघाल्या, एक सायकल निघाली, एकात तर वाहिनीच्या मालकाचा फोटो निघाला. शेवटी दोन उरली: तिने राखलेलं सात नंबरचं आणि भिंतीतलं तीन नंबरचं. एकात पन्नास लाख होते. दुसऱ्यात प्रायोजकांची घरगुती इस्त्री.

घंटा वाजली. कंपनीने रक्कम सांगितली, अठरा लाख.

लाँड्रीवाल्याने बोटं मोजली. सोळा जागेचे आणि वर दोन. देव आपल्या दुकानाचा हिशेब एवढा जवळून पाहत असेल अशी त्याला कल्पना नव्हती.

"आता घरचा माणूस," सूत्रसंचालक म्हणाला. "बोलायला बंदी. खूण करायला बंदी. दोन पाट्या आहेत, 'थांब' आणि 'खेळ'. एक वर करायची. अर्धा मिनिट."

त्याला 'थांब' म्हणायचं होतं. इतकं स्पष्ट त्याला आयुष्यात कधीच काही हवं नव्हतं. त्याचा हात 'थांब'कडे गेला आणि वाटेत अडला. बावीस वर्षांचा अनुभव होता. एवढी मोठी रक्कम, आणि नेमक्या याच वेळी नवीन प्रयोग करायचा? 'थांब' दाखवलं तर ही खेळणार, हे त्याला सूर्य उगवतो तितकं पक्कं माहीत होतं.

त्याने 'खेळ'ची पाटी उचलली. नुसती उचलली नाही. तिला जरासुद्धा शंका राहू नये म्हणून डोक्यावर उंच धरली, वर दोनदा हलवली.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. 'कॅमेऱ्यासाठी,' तो मनात म्हणाला.

"यांनी सांगितलं म्हणजे संपलं," ती म्हणाली. "खेळते."

प्रेक्षकांपुढचा हात वर झाला. त्या गजरात लाँड्रीवाला अर्धवट उठला आणि काहीतरी म्हणाला, पण त्याच्या खुर्चीला माइक नव्हता. सात नंबरचं कपाट उघडलं. आत इस्त्री होती, चांगली, पाच तापमानांची, दोन वर्षांच्या हमीची.

परतीच्या बसमध्ये खोकं तिच्या मांडीवर होतं. 

"तू माझं का ऐकलंस?" शेवटी त्याने विचारलं.

"त्या दिवशी मालक बोलला ते मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "वहिनींना विचारून सांगा म्हणे. मला लागलं ते. म्हटलं, घरात मी तुमचं कधी ऐकत नाही, ते असो. पण चार लोकांत तरी तुमचा मान राहू दे. आणि तुम्ही ती पाटी अशी उंच धरलीत. म्हटलं, या माणसाने जन्मात पहिल्यांदा माझ्या नशिबावर एवढा भरवसा टाकलाय, तो मी कशी मोडू?"

लाँड्रीवाला खिडकीबाहेर पाहत राहिला. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

कार्यक्रम दाखवला गेला आणि लाँड्रीवाला गल्लीत प्रसिद्ध झाला. समोरचा न्हावी रोज हाक मारी, "काय जुगारी, आज कुठला घोडा?" मोबाइलवाला येऊन हात मिळवून गेला, "छाती पाहिजे बरं का, छाती." लाँड्रीवाल्याने उभ्या आयुष्यात लॉटरीचं तिकीट काढलं नव्हतं. बायको गिऱ्हाइकांना सांगे, "त्यांना का बोलता? त्यांनी विश्वास टाकला. सात नंबर निवडला तो मी. करंटा हात माझा." आणि कपड्यांवर चिठ्ठी टाचता टाचता उजव्या हाताकडे अशी बघे, की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे आणि चुकून आपल्याकडे धुवायला आलाय.

हे त्याला बघवेना. निदान त्याने स्वतःला कारण दिलं ते हे. दुसरंही एक होतं: जन्मात केलेली एकुलती एक हुशारी लोकांनी जुगारात जमा करावी, हे त्याच्या मनाला खात होतं.

दुकानाच्या शेवटच्या दिवशी मोबाइलवाल्याचा सुतार भिंत मापत होता. बायको कोट टांगायच्या आकड्यांवरच्या उरल्यासुरल्या चिठ्ठ्या काढत होती.

"अगं, एक सांगायचंय," लाँड्रीवाला म्हणाला. "तुझ्या हाताचा काही दोष नाही. मला 'थांब'च म्हणायचं होतं."

"मग 'खेळ' का दाखवलंत?"

"तू उलटं करशील म्हणून."

"मी उलटं का करीन?"

"नेहमी करतेस." आणि त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याला रंग चढत गेला. निळा रंग, उजवीकडचा गल्ला, फॉर्म. एकेक वस्तू तो मांडत गेला, आणि शेवटी तर थोडा हसलाही. ती रागावेल, मग हसेल, मग "काय बाई तुम्ही" म्हणेल, असा त्याचा अंदाज होता.

ती रागावली नाही. तिने हातातली चिठ्ठी नीट चार घड्या करून खाली ठेवली.

"किती वर्षं?"

"तशी सुरुवातीपासूनच."

"आणि आई आजारी होती तेव्हा?"

लाँड्रीवाल्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"तेव्हा तुम्ही म्हणालात, जा, महिनाभर राहून ये, इथलं मी बघतो. तीनदा म्हणालात. मला वाटलं, एवढा चांगला माणूस, याला ऐन लग्नसराईत कपड्यांच्या ढिगात एकटं टाकून कशी जाऊ? म्हणून गेले नाही." तिचा आवाज दुकानात हिशेब विचारताना असतो तसाच होता. "आई मला विचारत होती म्हणे, शेवटपर्यंत. अहो, तेव्हा काय हवं होतं तुम्हाला?"

सुताराची टेप खर्रकन आत गेली. लाँड्रीवाल्याला आठवत होतं. दोनशे कोट होते. तिच्याशिवाय डाग कोण काढणार होतं?

"ते मी मनापासून म्हणालो होतो," तो म्हणाला.

बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं, की खरं असतं तरी आपण हेच म्हणालो असतो, आणि खोटं असलं तरी हेच. तिच्याही लक्षात आलेलं दिसलं. तिने मान जराशी कलती करून त्याच्याकडे पाहिलं, आणि डाग किती जुना आहे ते कळल्यावर मान फिरवली.

"बरं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती त्याचं ऐकते. शब्दन् शब्द. तो सवयीने म्हणाला, "आज भूक नाही," तर ताट उचललं जातं. "पंखा राहू दे बंद," म्हणाला, तर पंखा बंद राहतो आणि तो घामाने निथळत शर्टांना इस्त्री करतो. शेजारी म्हणतात, बाई मात्र गुणी हो, नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाही. टीव्हीवर म्हणाली होती ते खोटं नव्हतं.

वर्ष सरता सरता तिच्या भावाचा फोन आला. ती दारात उभी राहिली. "दादा बोलावतोय. जाऊ का?"

तिने जाऊ नये असं त्याला वाटत होतं. पण 'जाऊ नको' म्हणायचा आपल्याला हक्क उरलाय का, हे त्याला कळेना. "जा," तो म्हणाला. "राहून ये."

ती दुपारच्या गाडीने गेली.

याला आता दोन महिने होतील. किती दिवस राहायचं ते त्याने सांगितलेलं नाही, आणि सांगितल्याशिवाय ती आता काही करत नाही. परवा त्याने फोन केला. एका पांढऱ्या शर्टावर शाई सांडलीय, काय लावू, विचारलं. तिने सांगितलं. त्याने लिहून घेतलं.  तिच्याकडे मागे कुठेतरी टीव्ही चालू होता, टाळ्या वाजत होत्या.

"आणखी काही सांगायचंय?" तिने विचारलं.

"नाही," लाँड्रीवाला म्हणाला. "बाकी काही नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.