थोरलीचे सांधे

आमच्या ह्यांना समुद्रावर फिरायला न्यायचं तर एकच अट असते, डावीकडे वळायचं नाही. बंधाऱ्याच्या पायऱ्या उतरल्या की उजवीकडे. उजवीकडे काय आहे म्हणाल तर मासळीचे रिकामे खोके आणि त्यांचा वास. डावीकडे स्वच्छ वाळू, मोकळा वारा, आणि पार टोकाला ती. तिच्यापायी मी इतकी वर्षं नाकाला पदर लावून फिरले.

ती म्हणजे गलबत. गोदीत आम्ही सगळे तिला थोरली म्हणायचो, कारण तेवढं मोठं लाकडी गलबत त्या गोदीत आधी कधी बांधलंच नव्हतं. चार बोटं जाडीच्या सागवानी फळ्या होत्या. एकेक फळी उचलायला सहा-सात गडी लागायचे, आणि तरी एखादा बाजूला उभा राहून नुसताच "हं, उचला" म्हणायचा.

हे तिथे सांधे भरायचे. म्हणजे काय ते सांगते. लाकडी गलबताच्या दोन फळ्यांमध्ये फट राहतेच. त्या फटीत कापसाचा पीळ पटाशीने घालायचा, मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, ठोकून ठोकून आत बसवायचा आणि वरून तापलेली राळ ओतायची. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं, कापूस आवळला जातो आणि थेंबसुद्धा आत येत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण पीळ सैल बसला तर पाणी येतं, आणि जास्त ठासला तर फळीच उचकटते. ह्यांचा हात असा होता की शेजारच्या गोद्यांतली माणसं जेवणाच्या सुट्टीत बघायला यायची. मी तोंडावर कधी कौतुक केलं नाही, केलं असतं तर डोक्यावर बसले असते. पण मोगरी चालवताना ते इतके देखणे दिसायचे की माझं काम राहून जायचं. माझं काम म्हणजे कापूस वळायचा, मांडीवर पीळ देऊन लांबच लांब वाती करायच्या. आमचं जमलं ते त्या कापसातच. थोरलीच्या वेळेला मी पोटुशी होते, पोट पुढे आणि मांडीवर कापूस, अशी बसायची.

पहिल्याच सफरीला थोरली माल भरून निघाली आणि किनारा दिसेनासा व्हायच्या आत तळात पाणी भरलं. कप्तानाने शहाणपणा केला, तिला वळवून सरळ वाळूत घातलं. माणसं सगळी सुखरूप उतरली. गोदीत येऊन कप्तान एवढंच म्हणाला, "सांधा सुटला."

ह्यांना कोणी शब्दाने बोललं नाही. मालक तर म्हणाले, "होतं असं कधी कधी." तेच ह्यांना लागलं. शिव्या घातल्या असत्या तर हे भांडले तरी असते. मोगरी गोदीतच ठेवून घरी आले आणि परत हातात धरली नाही. पुढे एका सुताराकडे दारं-खिडक्या करत राहिले. दारं छान करायचे, नाही म्हणत नाही मी. पण दार करणाऱ्याला बघायला कोणी लांबून येत नाही.

त्यांच्या मनात एक फट बसली होती. डावीकडची, सगळ्यात खालची. ती त्यांनी अगदी शेवटी भरली, तेव्हा भरती गाठायची म्हणून वरून आरडाओरडा चालला होता. भरलेला प्रत्येक सांधा दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात हात फिरवून तपासायचा ही ह्यांची रीत, आणि त्या एका फटीला ती सकाळ मिळाली नाही. "तीच सुटली," एवढंच एकदा मला म्हणाले. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, "दुसरी कुठली सुटणार?" त्यानंतर विषय बंद. माझं ह्या घरात कधी कोणी ऐकलंय?

परवाच्या वादळानंतर लेक माहेरी आली होती. सकाळी एकटीच फिरायला गेली आणि पायभर वाळू घेऊन धापा टाकत आली.

"आई, सगळं गाव तिकडे लोटलंय! वादळाने वाळू वाहून नेली, गलबत पार तळापर्यंत उघडं पडलंय. बाबा, चला ना. दोन-चार दिवसांत वाळू परत चढेल म्हणतात."

ह्यांनी पेपर आणखी वर धरला. "गुडघे दुखतात."

"गुडघे रोजच दुखतात," मी म्हटलं. "जन्मभर दुसऱ्यांचे सांधे भरले, आता स्वतःचे कुरकुरताहेत."

एरवी ह्यावर निदान हूं तरी येतं. आज ह्यांनी नुसतं पान उलटलं.

खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली. तळापर्यंत उघडं पडलंय म्हणजे ती फटही उघडी पडली. ती सुटलेली दिसली तर काय? आजवर निदान 'कशावरून' म्हणायची सोय होती. ती एकदा गेली की ह्या माणसाला मी काय सांगणार होते? पण त्या वर धरलेल्या पेपराकडे बघून माझं डोकंच फिरलं.

"किती वर्षं त्या एका फटीला घाबरून बसायचं?" मी म्हटलं. "सुटली असेल तर सुटली. निदान बघून तरी या. मी चालले. तुम्ही बसा इथे, पेपरातली लग्नं जुळवत."

चपला घातल्या आणि निघाले. लेक माझ्यामागे धावली. पायऱ्या उतरून डावीकडे वळले तेव्हा मागे पाहिलं, तर हे येत होते. बरंच अंतर ठेवून, जणू आमची ओळखच नाही.

"आई, कुठली फट? बाबांना झालंय काय?"

मग सगळं सांगावं लागलं. ऐकता ऐकता ती थांबलीच.

"म्हणजे मी एकुलती एक असून मला सगळे धाकटी का म्हणतात..."

"थोरली पाण्यात उतरली आणि पुढच्याच महिन्यात तू आलीस. गोदीतल्या लोकांना चेष्टा करायला तेवढं पुरलं."

"आणि मला तू सांगितलंस की मी उंचीने कमी म्हणून!"

"तेही काही खोटं नाही."

हसली, पण डोळे भरून आले तिचे. मागे वळून बापाकडे बघत राहिली. हेही तिथल्या तिथे थांबून समुद्राकडे बघायला लागले, जसा काही समुद्र आज नवीनच आलाय.

आणि मग थोरली दिसली. बाई गं! मी तोंडावर हातच ठेवला. वाटलं होतं चार कुजके खांब उभे असतील. वरचा भाग गेला होता, डोलकाठी गेली होती, वरच्या फळ्या निघून आतल्या फासळ्या दिसत होत्या. पण कमरेपासून खाली ती तशीच होती. नाक वाळूत वर उचललेलं, मागचा भाग खाली टेकलेला. लाकूड राखेसारखं करडं पडलेलं, जागोजागी शिंपले चिकटलेले. पण पोटाची गोलाई कुठे म्हणून वाकडी झाली नव्हती. फळीला फळी अशी बिलगली होती की नजर ठरत नव्हती. काय बांधली होती आम्ही! मी बहुतेक मोठ्यानेच बोलून गेले, कारण चार माणसांनी वळून पाहिलं.

गर्दी बरीच होती. लोक हात लावून बघत होते, पोरं फासळ्यांना लोंबकळत होती. ऊन लागू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधलेले एक गृहस्थ आपल्या घरच्यांना माहिती देत होते.

"काम कच्चं होतं. सांधे नीट भरले नव्हते. पहिल्याच दिवशी गळायला लागलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आधी मी ह्यांना शोधलं. ऐकलं होतं त्यांनी. मान खाली घालून वळायला निघालेच होते.

तेवढ्यात धाकटी वर चढली. तिशी उलटून गेली तरी चढायचं सोडलेलं नाही. मागच्या बाजूला एका फासळीवर पाय देऊन आत डोकावली आणि ओरडली, "आई, आत पाणी आहे! केवढं तरी! पोरं मासे पकडताहेत!"

हे जागच्या जागी थबकले. चेहरा पडला. "बघ," मला म्हणाले, "आत पाणी आलंय ना. सांगत होतो."

मी त्यांच्याकडे बघितलं, थोरलीकडे बघितलं, आणि खाली वाळूकडे बघितलं. ओहोटीने समुद्र लांब गेला होता. तिच्या पोटाखालची वाळू उन्हाने पांढरी पडली होती.

"अहो," मी म्हटलं, "भरतीचं पाणी वरून आत येतंय, ते मलाही कळतं. पण बाहेर कुठून जातंय ते दाखवा."

"म्हणजे?"

"म्हणजे ओहोटी लागून केवढा वेळ झाला! फट सुटलीय ना? मग आत पाणी राहिलं कसं? खाली ओघळ कुठाय? एक थेंब दाखवा मला!"

ते तिथेच गुडघ्यांवर बसले. ज्या गुडघ्यांमुळे त्यांना देवळात बसवत नाही, त्या गुडघ्यांवर वाळूतून सरपटत थोरलीच्या पोटाखाली गेले, डावीकडे, अगदी तळाला. मीही वाकून बघितलं. त्यांनी शिंपले खरवडले, शेवाळ पुसलं. खाली काळी राळ होती, चिरा पडलेली पण जागेवर. त्यांनी त्या फटीवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तळवा उलटा करून उजेडात धरला.

कोरडा होता. वाळूचे चार कण चिकटले होते, बस.

"बाबा!" धाकटी पुढून हाका मारत होती. "इकडे या, नाकाजवळ!"

उजवीकडे, नाकाच्या खाली, आजवर कायम वाळूत गाडलेल्या जागी फळ्या फुटल्या होत्या. नाक वर उचललेलं, म्हणून आतलं पाणी मागेच साठलं होतं, तिथवर पोचतच नव्हतं. सांधा उसवला नव्हता. फळ्याच मधोमध मोडून आत वळल्या होत्या, आणि एका फळीत काळ्या खडकाचा तुकडा अडकून बसला होता. थोरली खडकावर आपटली होती. कप्तानाला ते कळलं नसेल, किंवा कळलं असेल, ते त्याचं त्याला माहीत. तो आता विचारायला राहिलेला नाही. आणि खरं सांगू, त्या घटकेला मला त्याचं काही पडलंही नव्हतं. मोडक्या फळीच्या वरचा आणि खालचा सांधा मात्र जसाच्या तसा होता. लाकूड फुटलं, पण ह्यांचा हात सुटला नव्हता.

हे तिथे उभे राहून रडले. आवाज नाही, काही नाही, नुसती नाकावरून धार. धाकटीने त्यांचा हात धरला. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि इतकी वर्षं माझं न ऐकल्याबद्दल दोन फटके द्यावेसे वाटत होते. दोन्ही राहून गेलं, कारण ते रुमालवाले गृहस्थ मंडळींना घेऊन ह्या बाजूला आले होते.

"हेच ते," गृहस्थ सांगत होते, "सांधे कच्चे..."

मी तोंड उघडलं. ह्यांनी हातानेच मला थांबवलं आणि नाक पुसून पुढे झाले.

"इकडे या जरा," गृहस्थांना म्हणाले. "हात लावा. नाही, असा नाही, बोट फटीत घालून बघा. जातंय?"

गृहस्थांनी बोट लावलं. जोर केला. "नाही हो. दगडासारखं आहे."

"आत पाणी साठलंय. बाहेर येतंय कुठून?"

गृहस्थ वाकले, बघितलं, मग पलीकडे जाऊन बघितलं. परत आले तेव्हा रुमाल हातात होता. भला माणूस निघाला. "कमाल आहे," म्हणाले. "मी चुकीचं सांगत होतो. इतकी वर्षं समुद्रात, आणि अजून पाणी सोडत नाही! कुणी केलं असेल हे काम?"

आजूबाजूची माणसं ऐकायला जवळ सरकली होती. ह्यांनी बंधाऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता वळतील, घरी चला म्हणतील, म्हणून मी वाळूत काढून ठेवलेल्या चपला शोधायला लागले.

"मी," हे म्हणाले. मग घसा खाकरून परत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे सांधे मी भरलेत. सगळे."

आणि माझ्याकडे बोट केलं. "कापूस हिच्या हातचा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मला, जिची बडबड ऐकून शेजारीण खिडकी लावून घेते तिला, एक शब्द सुचला नाही.