जाईबाईच्या वलांड्या

प्लेग यायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. परळच्या पूर्वेला शिवडीची खाडी तेव्हा मोकळी होती, आणि तिथल्या कोळीवाड्यात पाटलाच्या खालोखाल जाईबाईचा शब्द चाले.

कार्तिकातल्या एका सकाळी तिला किनाऱ्यावर एक परका माणूस दिसला. डोक्याला पागोटं, अंगात कोट, आणि समोर तीन पायांची लाकडी घोडी उभी केलेली. जाईबाई डोक्यावरच्या पाटीसकट जागीच थांबली.

तशी घोडी तिने आधी एकदाच पाहिली होती. माहेरी, मांडवीकडे, ती दहा वर्षांची असताना. असाच एक कोटवाला जमीन मोजायला आला होता. घोडीवर पितळी नळी ठेवून, एक डोळा मिटून बघत बसायचा. पोरांना गंमत वाटली. बापाने त्याला शहाळं सोलून दिलं. पुढच्या वर्षी तिथे दगडमातीचा भराव पडला आणि समुद्र मागे गेला. बापाची मासळी वाळवायची जागा कुठे होती, ते बोटाने दाखवायचीही सोय उरली नाही.

"शांते," ती सुनेला म्हणाली, "त्या कोटवाल्याला पाणी नको देऊ."

"मागितलं तर?"

"खाडी समोर हाय की."

शांतीने तरी चौकशी केलीच. माणसाचं नाव रघुवीर, राहणार गिरगावचा, देखाव्यांची चित्रं काढतो. "खाडी, होड्या आणि आपल्या वलांड्या काढतो, आत्या. शेट लोक घेतात म्हणं, घरात टांगायला."

वलांडी म्हणजे दोन बांबू रोवून, मध्ये दोऱ्या ताणून केलेली उभी मांडण. तिच्यावर बोंबील वाळत घालतात.

"आपल्या वासानं नाक धरतात, ते शेट घरात बोंबील टांगनार?" जाईबाई म्हणाली. शांती हसली, जाईबाई हसली नाही.

मग तिने मागून जाऊन चित्र पाहिलं आणि तिचा संशय पक्का झाला. किनाऱ्यावर वलांड्या सात, तर चित्रातही सातच. बांबू मोजून घ्यावेत. शेजारच्या विठोबाच्या होडीचं ठिगळसुद्धा सुटलेलं नव्हतं. नकाशा म्हणजे याहून निराळं काय असतं? रघुवीर चित्रशाळेत शिकवल्या रीतीने काम करी. एका चित्राला पंधरा-पंधरा दिवस, रोज थोडं थोडं, जे दिसेल ते जागच्या जागी.

तिथेच जाईबाईने त्याला धरला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सासूसुनांनी वलांड्या उपटल्या आणि तीस पावलं दक्षिणेला रोवल्या.

रघुवीर आला. हातातल्या अर्ध्या चित्राकडे पाहिलं, किनाऱ्याकडे पाहिलं, पागोटं काढून डोकं खाजवलं.

"बाई, या वलांड्या काल तिकडे होत्या ना?"

"असतील. वारा लई होता राती."

दोन दिवसांनी वलांड्या उत्तरेला गेल्या. मग खारफुटीच्या कडेला. होड्याही जागा बदलू लागल्या. शांतीचे खांदे भरून आले, पण सासूपुढे बोलायची कुणाची टाप?

रघुवीर आठ-दहा दिवस चरफडला. मग त्याने अर्धी चित्रं आणणंच सोडलं. रोज एक लहानशी कोरी फळी आणायची, आणि ऊन चढायच्या आत, जे समोर असेल ते एका बैठकीत उतरवून मोकळं व्हायचं. बांबू मोजायला वेळ कुठला? जाड ब्रशाचे दोन फटकारे म्हणजे वलांडी. लाल ठिपका म्हणजे शांती. जाईबाईने लांबून पाहिलं आणि तिचं समाधान झालं. या नकाशावरून कुठल्या साहेबाला वाट सापडते ते बघू.

पौषात किनाऱ्यावर घोडागाडी आली. रघुवीरची चित्रं घेणारे विसनजीशेठ तिच्यातून उतरले. रघुवीरने तीन फळ्या होडीला टेकून मांडल्या. शेठ बराच वेळ बघत राहिले.

"हा तुझा हात वाटत नाही, रघुवीर. माझ्या घरी तुझी सहा चित्रं आहेत. त्यांत पानन् पान मोजून घ्यावं. आणि हे काय? तिन्हींत वलांड्या तीन ठिकाणी. घरी बसून मनाने काढलीस ना?"

"नाही शेठ, इथेच काढली."

"मग यातलं खरं कुठलं?" शेठने काठी किनाऱ्यावरून फिरवली आणि जाईबाईकडे वळले. "बाई, तुमच्या वलांड्या असतात कुठे?"

दोन महिने जाईबाई याच प्रश्नाची वाट बघत होती. एक जागा सांगावी, तर बाकीचा किनारा मोकळा म्हणून कुणीही घेईल. ठाव नाय म्हणावं, तर सगळाच जाईल. ओले हात लुगड्याला पुसत ती फळ्यांपाशी आली. एकीत वलांड्या दक्षिणेला होत्या, दुसरीत उत्तरेला, तिसरीत पार खारफुटीपाशी.

"तिन्ही खरी," ती म्हणाली. "हितून ते झाडांपत्तूर सगळी जागा आमची. आज हितं वाळवतो, उद्या तितं."

शेठ रघुवीरकडे बघून ओशाळल्यासारखे हसले. "तिन्ही घेतो मग."

"दोनच न्या. एक हितं ऱ्हाईल, पाटलाच्या घरात."

"ते का?"

"सगळी तुमच्या भिंतीवर गेली, तर जागा तुमची दिसंल."

रघुवीर खारफुटीचं चित्र तिच्याकडे घेऊन आला. तिने ते उलटं केलं. "मागं लिव. जागा कुनाची, साल कुठलं."

त्याने लिहिलं, खाली सही केली. जाईबाईला वाचता येत नव्हतं. ते लिहिणं तिने त्याच दिवशी दोन निरनिराळ्या माणसांकडून, एकाला दुसऱ्याचं कळू न देता, वाचून घेतलं. मगच चित्र पाटलाच्या घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी रघुवीर जरा लवकर आला. सासूसुना वलांडी उपटत होत्या. त्याने घोडी खाली ठेवली, पुढे होऊन बांबूचं दुसरं टोक धरलं.

"आज कुठे न्यायची?"

जाईबाईने आपलं टोक सोडलं नाही.

"तू आधी टोक सोड नि खाडीकडं तोंड कर," ती म्हणाली.