समोरून धरलेला दिवा

बाबांच्या टेबलावरचा दिवा आता माझ्याकडे आहे. मान ढिली झालीय, बटण दोनदा दाबावं लागतं. पण लागला की अजून बाबा शेजारी बसल्यासारखे वाटतात.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. आमच्या माणकीचे डोळे लाल आहेत, हे त्या दिव्यानेच सांगितलं. माणकी म्हणजे जर्बिल, उंदराची गोंडेदार शेपटीची चुलतबहीण. एरवी तिचे डोळे काळेभोर दिसत. बाबांनी दिवा बाजूने धरला आणि आत डाळिंबाचा दाणा पेटला.

"दिवा नेहमी बाजूने धरायचा," बाबा म्हणाले. "समोरून धरलास तर काळा डोळाही लाल चमकतो. फसशील."

माणकी देवाघरी गेली तेव्हा तिची चार पिल्लं जेमतेम स्वतःचं खायला लागली होती. "एकच ठेवायचं," आईने निकाल दिला. बाकीची, जिथून माणकी आणली त्याच दुकानात. मला माणकीच्या डोळ्यांचंच हवं होतं. देवाला तसं रोज सांगतही होते.

पिल्लं न्यायला दुकानदार पिंजरा घेऊन घरी आला. बाबांनी दिवा बाजूने धरून, भिंग लावून एकेक पिल्लू पाहिलं. पहिलं काळं. दुसरं काळं. तिसरंही.

"अहो घड्याळवाले, डोळे बघताय की काटे?" दुकानदार हसला. "नुसती आई लाल असून भागत नाही. बापाकडूनही यावं लागतं ते."

माझा ओठ थरथरायला लागला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग चौथं पिल्लू तळहातावर घेतलं.

"इकडे ये, रडूबाई. बघ."

लाल. निखाऱ्यासारखं लाल. दुकानदार काही बोलणार होता. बाबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो गुपचूप पिंजऱ्याची कडी लावत बसला.

वर्षभराने मैत्रिणीला ते डोळे दाखवायला मी स्वतः दिवा घेतला. शिकवल्याप्रमाणे बाजूने धरला. काळा. पुन्हा धरला. काळाच. त्या दिवशी बाबांनी दिवा कुठे धरला होता, ते तेव्हा आठवलं. खोटं बोलल्याबद्दल मला कोपऱ्यात उभं करणारे माझे बाबा.

मी दिवा समोर आणला.

"खरंच की गं, लाल," मैत्रीण म्हणाली.

पलीकडे बाबांच्या हातातला चिमटा थांबला. मान त्यांनी वर केली नाही.

"दिवा नीट धरलास ना?"

"तुम्ही धरला होता तसाच, बाबा."