शेकाची बाज

मी बाळंतिणीची बाज बोलतेय. चार जाड पाय, वर बांबूच्या कामट्या, खाली मातीच्या ताटात निखारे. बुनमाच्या पहिल्या बाळंतपणाला तिच्या नवऱ्याने मला बांधलं. तो गेला, कामट्या दोनदा बदलल्या, पण पाय अजून त्याच्याच हातचे आहेत.

इतर बाजांवर माणसं झोपतात, माझ्यावर शेकतात. बाई मोकळी झाली की पंधरा दिवस माझ्यावर पडायचं, गवती चहाचं कढत पाणी प्यायचं, भाजलेली कोंबडी आणि चिकट भात खायचा. निखारा विझू द्यायचा नाही. नाम ऊ नदीकाठच्या आमच्या गावात घराची अब्रू त्या निखाऱ्यावरून ठरते.

बुनमाची थोरली, केव, माझ्यावरच गेली, नवव्या दिवशी. निखारे एकदाही विझले नव्हते. लोक म्हणाले, पांढऱ्या म्हशीचं मांस पोटात गेलं असणार, अपथ्य झालं. पण मला खालची धग कळते तशी वरचीही कळते. शेवटचे चार दिवस केव वरून मला भाजत होती. हे मी कुणाला सांगणार होते?

यंदा धाकटी दारावान माझ्यावर आली. तिची वार अडकली होती, सुईणीने हात घालून ओढून काढली. तिसऱ्या दिवशी वरची धग सुरू झाली, केवसारखीच.

"आई, पुरे गं खालचं. सहन होत नाही."

"गप पड. पहिलटकरणी सगळ्याच रडतात. मी सतरा दिवस पडले होते."

चौथ्या दिवशी ती थडथड उडायला लागली. माझ्या कामट्या वाजत होत्या. बुनमा जावयावर खेकसली, "थंडी शिरलीय पोरीच्या अंगात! बघत काय बसलात? कोळसे घाला!" थोंगसाय घरजावई, सांगितलं की करायचा. त्याने मुकाट्याने घातले. तिच्या अंगाला घाण वास सुटला होता, तो गवती चहाच्या वाफेत कुणाला आलाच नाही.

सहाव्या दिवशी दुपारी बुनमा भाजीच्या वाफ्यांवर गेली. विहाराच्या आवारात लोखंडी गोळ्यांचा डाव रंगला होता. थोंगसाय "आलोच" म्हणून गेला तो गेलाच. निखारे राखेखाली मरत गेले. ताट निवलं, मी निवले, दारावान मात्र तशीच रसरसलेली. बाळ शेजारी रडून थकलं, तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

बुनमा परत आली, तिने पांढरी राख पाहिली आणि अख्खी आळी गोळा केली. "जावईबापू! गोळेच खेळा तुम्ही! माझी पोर गारठून गेली तर त्या गोळ्यांशीच संसार करा!"

थोंगसाय धापा टाकत खांबांवरच्या घराची शिडी चढून आला. लेक किती गारठली ते बघायला बुनमाने तिच्या पावलावर हात ठेवला. झटकन उचलला. राखेत घातला. पुन्हा पावलावर ठेवला.

"विस्तव कधी विझला?" तिचा आवाज एकदम खाली आला.

"आई, चुकलं माझं..."

"कधी विझला ते सांगा!"

"झाले असतील दोन तास."

"मग ही कशाने तापलीय?"

चौघांनी मला दारावानसकट उचललं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलं. रस्ताभर खड्डे. ती मेलेल्या बहिणीशी बोलत होती, "ताई, थोडी सरक ना." बुनमाने तिच्या तोंडावर हात धरला.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई ट्रॉलीपाशीच धावत आल्या. "ताप कधीपासून आहे?"

"माहीत नाही बाई," बुनमा म्हणाली. "आम्ही शेक देत होतो."

दारावानला आत नेलं. विष रक्तात उतरलं होतं, गर्भाची पिशवी काढावी लागली. पाच दिवस बुनमा आवारात माझ्यावर बसून होती. एकदा ती थोंगसायला म्हणाली, "केवसुद्धा अशीच तापली होती. मी म्हटलं, शेक छान लागतोय." आणि माझ्या कामट्यांवर कपाळ टेकून रडली. मला हात असते तर मी तिला जवळ घेतलं असतं.

दारावान वाचली. तिला पुन्हा मूल होणार नाही, पण आहे त्याला ती पाजते.

आता मी शेजारी आहे, नुकत्याच बाळंत झालेल्या मालिवानच्या घरी. बुनमा रोज सकाळी येते आणि निखाऱ्यांचं ताट ओढून बाहेर नेते. मालिवानची आई रोज तोंडसुख घेते, "आली विस्तव विझवणारी! स्वतःच्या घरी विझवून भागलं नाही वाटतं!" बुनमा ताट बाहेर ठेवून आत येते. बाळंतीण निवेपर्यंत बसून राहते.

माझंही मागणं एवढंच आहे. शेक खुशाल द्या. पण रोज विस्तव दूर करा, बाईला निवू द्या आणि मगच हात लावून बघा.

आज चौथा दिवस. ताट बाहेर जाऊन बराच वेळ झाला. मी निवलेय. वरची धग काही जात नाही. बुनमाने मालिवानच्या पावलावर हात ठेवला आणि मागे न बघता मालिवानच्या आईला म्हणाली, "ट्रॅक्टर काढायला सांग."